तिथीवर भरणारा बाजार

जेजुरीत पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत दर जानेवारीत येते, आणि बहुतेक वेळा गमतीची बातमी म्हणूनच येते. गाढवाला अमुक हजारांचा भाव आला, काठेवाडी गाढवांना मागणी, सोबत एक फोटो, मथळ्यात एखादी कोटी. खंडोबाच्या दर्शनाला आलेल्यांनाही तो यात्रेच्या कडेला चाललेला तमाशाच वाटतो. देव गडावर आणि गाढवं पटांगणात, दोघांचा एकमेकांशी काय संबंध? माझं म्हणणं असं, की संबंध आहे आणि तो वरवरचा नाही. ज्यांना कायमचा पत्ता नव्हता, ज्यांची सही कुठल्या पेढीवर चालत नव्हती आणि ज्यांच्या दारात बँकेचा माणूस कधी आला नाही, अशा लोकांनी देवाच्या तिथीचा आधार घेऊन उभी केलेली ही व्यापारी संस्था आहे. तिला नोंदणी क्रमांक नाही, अध्यक्ष नाही, इमारत नाही. तरीही ती कित्येक पिढ्या चालली. ती कशावर चालली हे तपासणं हे गाढवाच्या भावापेक्षा मोलाचं काम आहे.

बाजार भरतो तो बंगाली पटांगणाच्या परिसरात, पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीपासून. येणाऱ्यांत वैदू, बेलदार, वडार, कैकाडी, कुंभार, परीट, घिसाडी, कोल्हाटी, गारुडी, मदारी. यांतल्या बऱ्याच जमाती एके काळी वर्षभर पाल ठोकत फिरणाऱ्या. काही अजून फिरतात. गाढवं दोन प्रकारची. गावठी गाढव बुटकं, राखी, काटक. काठेवाडी उंच, अंगानं भरलेलं, रंगानं उजळ. ती सौराष्ट्रातले व्यापारी घेऊन येतात आणि त्यांचा भाव गावठीच्या कितीतरी वर जातो. घेणारा आधी गाढवाचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलून दात पाहतो. दुधाचेच दात असतील तर जनावर कोरं. पुढचे दोन पक्के दात आले की दुवान, चार आले की चौवान, सगळे आले की अखंड. पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण अडीच वर्षांनी येते, दुसरी साडेतीननं, तिसरी साडेचारनं, त्यामुळे तिथपर्यंतचं वय लपवता येत नाही. पुढचा अंदाज दाताच्या माथ्यावरच्या काळ्या खळीवरून. ती झिजत जाते, आणि पार गुळगुळीत झालेला दात म्हणजे उमर झालेलं जनावर. मग पाठीवर जुन्या जखमेची गाठ आहे का, खूर फुटलेत का, पुढचे पाय एकमेकांना घासतात का, हे पाहायचं आणि चार पावलं चालवायचं. यातलं काहीही कागदावर नसतं. सगळं ज्ञान बोटांत आणि डोळ्यांत, आणि ते दोन्हीकडे सारखंच असल्यानं फसवणुकीला जागा कमी.

आता तारखेचा मुद्दा. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा असते आणि तिथं घोड्यांचा बाजार लागतो. पंधरवडा सरतो न सरतो तोच मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावात खंडोबाची देवस्वारी निघते. तिथं घोडे, गाढवं, उंट आणि बाजूला लाल कंधारी नि देवणी जनावरं. आणखी पंधरवड्यानं पौष पौर्णिमा, जेजुरी. त्यानंतर फाल्गुनात पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा, तिथं पुन्हा गाढवं. ही ओळ योगायोगानं लागलेली नाही. खरिपाची रास घरात आलेली असते, कडबा असतो, ओढ्यांना अजून पाणी असतं, रस्ते कोरडे असतात आणि वीटभट्ट्या पेटलेल्या असतात. एका बाजारात न खपलेलं जनावर पुढच्या बाजारापर्यंत नेता येईल एवढंच अंतर मध्ये ठेवलेलं. छापील कॅलेंडर घरोघरी येण्याआधी, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चंद्राकडे पाहून कळेल अशी ही वेळापत्रकाची रचना आहे. जाहिरातीचा खर्च शून्य. एक कुटुंब कोकणात, दुसरं बेळगावाकडे, तिसरं जालन्यात. कुणी कुणाला निरोप धाडत नाही आणि तरी सगळे एकाच दिवशी एका पटांगणात हजर.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. बाजार हा बाजार असतो. घेणारा आणि विकणारा कुठेही भेटले असते, देव फक्त निमित्त. आठवड्याचे जनावरांचे बाजार महाराष्ट्रात जागोजागी आहेतच. चाकण, बेल्हे, काष्टी, लोणी, घोडेगाव, सांगोला ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात, आणि तिथं देवाची गरज पडत नाही. बाजार समिती असते, पावती असते, उपकर असतो. हे खरं आहे. पण त्या आठवडे बाजारांत काय विकलं जातं ते पाहा. गाय, म्हैस, बैल, शेळी. घेणारा गावचा खातेदार, विकणारा शेजारच्या गावचा. म्हैस आटली तर पुढच्या आठवड्यात जाब विचारता येतो. गाढवाचं तसं नाही. त्याचं गिऱ्हाईक राज्यभर विखुरलेलं, दर तालुक्यात मूठभर. कुठल्याही एका शनिवारी कुठल्याही एका गावात ते जमणार नाही. घेणारा पैसे मोजून निघाला की पुन्हा कुठं गाठ पडेल सांगता येत नाही. अशा ठिकाणी दोघांनाही एकच गोष्ट हवी असते: हा माणूस पुढच्या वर्षी इथंच सापडेल याची खात्री. ती खात्री बाजार समिती देऊ शकत नाही. खंडोबाची पौष पौर्णिमा देते, कारण बाजाराला न आलेला माणूस चालतो, पण कुलदैवताला न आलेल्या माणसाची चर्चा होते.

म्हणूनच या यात्रांत उधारी चालत आली. थोडे पैसे आज, बाकीचे पुढच्या यात्रेला. लेखी काही नाही, दोघांच्या ओळखीचा एखादा दलाल साक्षीला. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची जी रीत आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात आहे, तिचं परक्याला गूढ वाटतं. प्रत्यक्षात ती अगदी व्यवहारी सोय आहे: भाव चारचौघांत फुटत नाही, पडत्या भावानं विकणाऱ्याची लाज राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस मोकळी राहते. वाद पेटलाच तर बेलभंडार उचलायला लावायचा. गडावरून उधळलेली हळद या लोकांच्या लेखी दस्तऐवजावरच्या शिक्क्यासारखी आहे. तिला हात लावून खोटं बोलायची छाती सहसा होत नाही. खंडोबाच्या कथेतही हे बसवलेलं आहे, असं मला वाटतं. देवाची पहिली बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, चंदनपुरीच्या धनगराची. तिच्यासाठी देव धनगराघरी चाकर राहिला आणि मेंढरं वळली. एका घरात दुकान आणि कळप, आणि दोघींची भांडणं जागरणात रात्रभर गायली जातात. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोंथायमर यांनी खंडोबाच्या परंपरेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला तो रानातला कळपवाला आणि गावातला शेतकरी-व्यापारी यांच्या नात्याच्या अंगानंच. ज्याच्या घरातच सौदा लागलेला आहे त्या देवाच्या पायथ्याशी बाजार भरला तर नवल कसलं?

हा काही केवळ मराठी मुलखाचा किंवा हिंदू तीर्थांचा विशेष नव्हे, आणि ते पाहायला सौदी अरेबियातल्या जेद्दासारखी जागा नाही. इथं ना खंडोबाची यात्रा, ना गाढवाची दावण. पण इथून वर घाट चढून तैफकडे गेलं की उकाझची जागा आहे. इस्लामपूर्व काळात हजच्या आधी, ज्या महिन्यांत लढाई वर्ज्य मानलेली होती त्याच महिन्यांत, तिथं अरब टोळ्यांचा मेळा भरे. चामडं, जनावरं, कवितांच्या चढाओढी, जुन्या वैरांचे निवाडे. उकाझ उठला की मजन्ना, मग धुल मजाझ, मग हज. सारंगखेडा, माळेगाव, जेजुरी, मढी ही ओळ डोळ्यांपुढे ठेवून हे वाचलं म्हणजे वेगळं सांगायची गरज उरत नाही. दोन्हीकडे फिरते लोक, दोन्हीकडे चंद्राची तिथी आणि दोन्हीकडे देवाच्या नावानं मिळालेलं अभय. पुढे हजच्या काळात व्यापार करण्यात दोष नाही असा निर्वाळा कुराणानंही दिला. आणि तो मेळा मोडला कसा? हिजरी 129 मध्ये, म्हणजे आठव्या शतकाच्या मध्यावर, खारिजी बंडखोरांनी तो लुटला. दुष्काळ, रोगराई, राज्यं बदलणं हे सगळं पचवलेला बाजार एका लुटीनंतर परत उभा राहिला नाही. 2007 पासून सौदी सरकारनं ‘सूक उकाझ’ हा सांस्कृतिक महोत्सव म्हणून पुन्हा सुरू केला. त्यात काव्य आहे, नाट्य आहे, हस्तकला आहेत. टोळ्यांची देणीघेणी मिटवण्याचं काम मात्र आता त्याच्याकडे नाही.

याच जेद्दातून दुसरा आणि जास्त वजनदार आक्षेप येतो. हजमधल्या कुर्बानीसाठी लाखो जनावरं लागतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, सोमालिलँडच्या बेर्बेरासारख्या बंदरातून ती जहाजांनी जेद्दाला उतरतात. पूर्वी मिनामध्ये यात्रेकरू स्वतः जनावर घेई, आणि एवढं मांस काही तासांत वाया जाई. 1983 मध्ये सौदी सरकारनं ‘अदाही’ प्रकल्प सुरू केला आणि त्याचा कारभार जेद्दातच मुख्यालय असलेल्या इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेकडे दिला. यात्रेकरूनं कूपन घ्यायचं, कत्तलखान्यात त्याच्या नावानं कुर्बानी, गोठवलेलं मांस गरीब देशांना. दलाल नाही, रुमाल नाही, दात पाहणं नाही. एका आधुनिक शासनानं तीर्थक्षेत्रातला जनावरांचा बाजार जवळजवळ पुसून टाकला आणि त्यात सगळ्यांचं भलं झालं, तर जेजुरीच्या पटांगणाचं एवढं कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. फक्त त्यातली दोन जनावरं एक नाहीत. कुर्बानीच्या बकऱ्याचं वय नियमात बसलं आणि तो निरोगी असला की पुरे, कारण त्याचं आयुष्य त्याच दिवशी संपतं. जेजुरीत घेतलेलं गाढव पुढची दहा-पंधरा वर्षं घरच्या माणसासारखं राबणार असतं. ते बुजरं आहे की समजूतदार, ओझ्याखाली बसतं का, दुसऱ्या गाढवांच्या रांगेत चालतं का, हे कूपनवर छापता येत नाही. मोबाइलवरच्या चित्रफितीचंही तेच. फोटोत सगळीच गाढवं शहाणी दिसतात.

आपल्याकडच्या शासनानं पुसण्याऐवजी सजवण्याचा रस्ता धरला. सारंगखेड्यात गेल्या दशकात पर्यटन महामंडळाच्या साथीनं ‘चेतक फेस्टिव्हल’ सुरू झाला. तंबूंची नगरी, घोड्यांच्या नाचाच्या स्पर्धा, पाहुणे. त्यासाठी एका खासगी कंपनीशी केलेला 321 कोटींचा करार आर्थिक अनियमिततेच्या कारणावरून 2019 मध्ये रद्द करावा लागला. घोडेवाले तो करार वाचून येत नव्हते, ते दत्तजयंती पाहून येतात, त्यामुळे बाजाराचा आधार कराराबरोबर गेला नाही. महोत्सवानं काहीच दिलं नाही असं नाही. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची हौस वाढली, लांबची गिऱ्हाइकं आली, काही घोड्यांची नावं वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली. पण लाखांच्या बोलीचा शोभेचा घोडा आणि वरातीचा, टांग्याचा घोडा यांची गिऱ्हाइकं वेगळी असतात, आणि मांडव पहिल्यासाठी पडतो. माळेगावचा रस्ता मला अधिक पटतो. तिथं जिल्हा परिषद यात्रा भरवते, पशुप्रदर्शन घेते, लाल कंधारीच्या वळूला बक्षीस देते, रात्री लावणी महोत्सव असतो. थाट सरकारी आणि थोडा गबाळा, पण बाजार बाजाराच्या जागी राहिला आहे.

या संस्थेची काळी बाजू लपवून तिची वकिली करता येणार नाही. जिथं सगळी जमात वर्षातून एकदा जमते तिथं जातपंचायतही बसते. मढी आणि जेजुरी दोन्ही ठिकाणी सोयरिकी जमल्या, देणीघेणी मिटली, आणि त्याच बैठकींत दंड, वाळीत टाकणं, बायकांच्या चारित्र्याचे अघोरी निवाडेही झाले. विश्वासाची किंमत त्या जमातीतल्या दुबळ्या माणसानं मोजली. महाराष्ट्रानं 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो करायलाच हवा होता. त्यानं बाजार मोडला का? नाही. यावरून एवढं कळतं की उधारी आणि साक्ष वेगळी, पंचांची दहशत वेगळी. दुसरी काढून पहिली ठेवता येते. उलट धोका दुसरीकडून आहे. 2025 च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेनं यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करायचा ठराव केला. प्रशासनानं तो रद्द ठरवला. ज्या कानिफनाथांना मुस्लिम भाविक शाह रमजान म्हणून मानत आले, ज्यांच्या यात्रेची ओळखच भटक्यांची पंढरी अशी, तिथं कुणी यायचं हे गावच्या हात वर करण्यावर ठरू लागलं तर उद्या कुणाची पाळी? देवाच्या तिथीचं अभय हे सगळ्यांना असतं म्हणूनच ते अभय. उकाझला लूट एकदाच झाली होती.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत कोरडा आहे: गाढवच संपत चाललंय, बाजाराची चिंता कसली? 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 3.2 लाख गाढवं होती, 2019 च्या विसाव्या पशुगणनेत 1.2 लाख. सात वर्षांत 61 टक्क्यांची घट. कारणं उघड आहेत. माती-मुरूम जेसीबी आणि टेंपोनं जातो, वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, परटाच्या दारात दुचाकी आली, पुढची पिढी शाळेत गेली आणि ती गाढवामागं चालायला तयार नाही. तिनं का व्हावं? त्यात चोरटी वाळू वाहणाऱ्या गाढवांमुळे या जनावराचं नाव पोलिसांच्या कारवाईतच जास्त दिसू लागलं. तिकडे चीनमधल्या औषधी जेलाटिनसाठी गाढवाच्या कातडीला इतकी मागणी आली की आफ्रिकी महासंघानं 2024 मध्ये कातडीसाठी गाढवं मारण्यावर खंडभर बंदीचा निर्णय घेतला. भारतातूनही कातडी चोरट्या वाटेनं जाते अशा तक्रारी आहेत. तरी गाढवाचं काम पुरतं सरलेलं नाही. गडकोटांच्या पायऱ्या, डोंगरउतारावरची बांधकामं, जुन्या गावठाणातल्या दोन हात रुंदीच्या बोळी, जिथं चाक जात नाही तिथं वाळू-विटा अजून त्याच्याच पाठीवर चढतात. आणि संख्या जितकी घटेल तितकं गिऱ्हाईक अधिक विखुरणार. म्हणजे वर्षातून एकदा सगळ्यांना एका जागी आणणाऱ्या तिथीची गरज घटण्याऐवजी वाढणार. लहान होत जाणाऱ्या धंद्याला मोठ्या धंद्यापेक्षा भेटीची जागा जास्त लागते.

शासनाला इथं खरोखर करण्यासारखं एक काम आहे आणि ते उत्सवाचं नाही, रोगाचं आहे. 2000 मध्ये सौदीच्या जझान भागात रिफ्ट व्हॅली ज्वर पसरला, आफ्रिकेबाहेर पहिल्यांदाच, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरची जनावरं घेणं सौदीनं थांबवलं. सोमाली मेंढपाळांची त्यात वर्षानुवर्षं होरपळ झाली. आपल्याकडे 2022 मध्ये लम्पीमुळे पंढरपूरचा कार्तिकी जनावरांचा बाजार भरवता आला नाही. घोड्या-गाढवांत ग्लँडर्स आहे आणि तो माणसालाही होतो. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली जनावरं जिथं दावणीला दावण लावून उभी राहतात तिथं रक्त तपासणी, लसीकरण आणि ओळखीचा बिल्ला हवाच. हे बाजारावरचं बंधन वाटायचं कारण नाही. दात पाहणाऱ्या बोटांना जे कळत नाही तेवढंच तपासणीनं सांगायचं. जेजुरीच्या तीर्थक्षेत्र विकासासाठी राज्यानं सुमारे 350 कोटींचा आराखडा मंजूर केला आहे. गडाची डागडुजी व्हावी, पायऱ्या, दीपमाळा नीट व्हाव्यात, भाविकांच्या सोयी व्हाव्यात, याला कुणाचा विरोध नाही. त्याच आराखड्याचा हिशेब मांडताना पौष पौर्णिमेचे तीन-चार दिवस गाढवांसाठी मोकळी जमीन राखून ठेवायची, पाण्याचे दोन लांब हौद बांधायचे, ट्रकमधून जनावर उतरवायला एक उतार करायचा आणि पशुवैद्यकांचं पथक मुक्कामी ठेवायचं, एवढा खर्च एखाद्या स्वागतकमानीपेक्षा जास्त येणार नाही. जमीन मात्र आत्ताच राखावी लागेल. पुण्याच्या बाजूनं प्लॉट पडत जेजुरीपर्यंत आलेच आहेत.